पश्चिमेची भिंत आणि रात्री आठचा वाचक

चंद्रपुरात कुठलीही इमारत उभी करायची म्हणजे आधी मे महिन्याशी बोलणी करावी लागतात. घर असेल तर माणूस दुपारी पडदे ओढतो, कूलर लावतो आणि आडवा होतो. वाचनालयाला ती सोय नाही. तिथे उजेड हवा पण ऊन नको, वारा हवा पण धूळ नको, दार सगळ्यांना उघडं हवं आणि पुस्तकंही टिकायला हवीत. प्रभागातलं छोटंसं वाचनालय, तळमजला आणि वर एक मजला, चाळीसेक खुर्च्या, दहा-बारा हजार पुस्तकं, एवढाच विषय घेतला तरी दोन जाणकार माणसं संध्याकाळपर्यंत भांडू शकतात.

पुढच्या संवादातले दोघे कुणा एकेका माणसावरून घेतलेले नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कानावर आलेल्या अनेकांच्या बोलण्यातून ते घडले आहेत. एक निवृत्त ग्रंथपाल. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शासनमान्य वाचनालयात त्यांची उमर गेली. दुसरी चंद्रपूरचीच मुलगी, नागपुरात आर्किटेक्चर शिकून परतलेली. ती त्यांना काका म्हणते, ते तिला बेटा म्हणतात. टेबलावर तिचा नकाशा पसरलेला आहे. अशा वादात म्हातारा माणूस माती-बांबूच्या बाजूचा आणि तरुण मुलगी काच-सिमेंटच्या बाजूची असणार, असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. आमच्या भागात बहुतेक वेळा उलटंच असतं.

ग्रंथपाल : खिडक्या किती आहेत ते सांग आधी.

आर्किटेक्ट : उत्तरेला सलग रांग. दक्षिणेला सहा, पण व्हरांड्याच्या आत. पूर्वेला दोन लहान. पश्चिमेला एकही नाही.

ग्रंथपाल : पश्चिमेला नाही हे बरं केलंस. बाकीच्यांचं काय करायचं ते बोलू.

आर्किटेक्ट : काका, आपण वीस अंश अक्षांशावर आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. शाळेची पोरं मैदानात काठी रोवून शून्य सावली बघतात ना, तोच दिवस. जूनमध्ये तर तो दुपारी किंचित उत्तरेलाच कलतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारचा मारा भिंतींवर नाही, छतावर असतो. भिंतींचं वैर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाशी. दक्षिणेचं ऊन आत शिरतं ते हिवाळ्यात, कारण डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर असतो. चार फूट उंचीच्या खिडकीवरून ते ऊन पूर्ण अडवायचं तर पावणेचार फुटांचा सज्जा लागतो. एवढा सज्जा काढायचाच, तर त्याखाली माणसं का बसू नयेत? म्हणून व्हरांडा.

ग्रंथपाल : आणि उत्तरेला?

आर्किटेक्ट : उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. फक्त मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवून वायव्येकडे मावळतो, तेवढ्यापुरत्या खिडक्यांना काटकोनात उभ्या पट्ट्या दिल्या आहेत.

ग्रंथपाल : सूर्याचं झालं. धुळीचं काय? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ पडले. बोर्डाच्या परीक्षेत पडले असते तर पेढे वाटले असते. इथे खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी फडकं मारलं तर दुपारी बोटाला काळं लागते. तुझी उत्तरेची रांग उघडली की कोळसा आधी आत येईल, वारा मागून.

आर्किटेक्ट : म्हणजे खिडक्याच नकोत?

ग्रंथपाल : माझा जन्म खिडक्या लावण्यात गेला, बेटा. सकाळी उघडायच्या, दहाला लावायच्या. पाऊस आला, धाव. वानरं आली, धाव. खिडकीजवळच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी कधी बघितल्या? लाल रंग आधी उडतो, मग पिवळा. निळा तेवढा मागे राहतो. त्या कपाटातली सगळी पुस्तकं काही वर्षांनी फिकी निळी दिसायला लागतात, कुठली कादंबरी आणि कुठलं चरित्र ते जवळ जाऊन बघावं लागते. वर्तमानपत्र उन्हात एक दुपार पडू दे, संध्याकाळी कडा पिवळ्या. मला चार भिंती दे, वर चांगले दिवे दे. वाचनालय म्हणजे पुस्तकांची तिजोरी.

आर्किटेक्ट : तिजोरीत कोण जाऊन बसतं काका? मी ऊन आत घेतच नाहीये, उजेड घेतेय. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो. वाचायच्या टेबलावर तीनशे ते पाचशे पुरतात. म्हणजे बाहेर जे आहे त्याचा दोनशेवा, तीनशेवा हिस्सा. बाकीचा सगळा नाकारायचा. आपल्याकडे खिडकीचं काम नाकारण्याचं आहे. फिनलंडमध्ये आल्वार आल्तोने १९३५ साली विपुरीला ग्रंथालय बांधलं, ते गाव आता रशियात आहे. वाचनदालनाच्या छताला त्याने सत्तावन्न गोल झरोके ठेवले. उजेड चहूबाजूंनी पसरून खाली येतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्याची सावलीसुद्धा पानावर पडत नाही.

ग्रंथपाल : तिकडे उन्हाचा दुष्काळ. इथे छताला सत्तावन्न भोकं पाड आणि मेमध्ये खाली भाकरी भाजून घे. मृग लागला की बादल्याही सत्तावन्न ठेव.

आर्किटेक्ट : झरोके नाहीच ठेवले मी. पण मग लॉरी बेकर घ्या. तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये त्यांनी विटांच्या जाळीच्या भिंतींचं गोल ग्रंथालय बांधलं. जाळीतून उजेड तुकड्यातुकड्याने आत येतो आणि वारा खेळतो.

ग्रंथपाल : केरळात वारा खेळतो. आपल्याकडे मेमध्ये दुपारी एकला जो वाहतो त्याला आपण वारा म्हणत नाही, झळा म्हणतो. सेहेचाळीस डिग्रीच्या झळा जाळीतून आत घेशील?

इथे ग्रंथपालांचा मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडच्या सुंदर इमारतींच्या चित्रांत जाळी फार दिसते, आणि ती जिथून आली तिथलं हवामान चित्रात दिसत नाही. पण मुलगीही कच्ची नाही. तिच्या नकाशात जाळी आहे ती व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला. तिच्या आत सहा फुटांचा व्हरांडा, आणि मग उघडता-मिटता येणारी काचेची खिडकी. जाळी ऊन मोडते, व्हरांडा झळा थोपवतो, काच धूळ अडवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काचा उघड्या, मार्च ते जून मिटलेल्या. जुन्या वाड्यांतली ओसरी दुसरं काय करत होती?

ग्रंथपाल : मिटलेल्या खिडक्यांच्या आत एप्रिल-मे काढायचे कसे? कूलर लावणार असशील तर मी आत्ताच उठतो.

आर्किटेक्ट : का? सगळं शहर कूलरवर जगतं.

ग्रंथपाल : शहर जगते, पुस्तक मरते. कूलर म्हणजे ओली हवा. ज्या खिडकीत कूलर, त्या खिडकीसमोरचं कपाट जूनपर्यंत फुगलेलं. पुठ्ठ्याचे कोपरे वाकतात, पानं एकमेकांना चिकटतात, मग पावसाळ्यात बुरशी. आणि आवाज! पोरगी काउंटरवर येऊन पुस्तकाचं नाव सांगते, मला ऐकू येत नाही, मी ओरडतो, सगळी खोली वर बघते. वाचनालयातली शांतता कूलरनं घालवली, मोबाइलनं नाही.

आर्किटेक्ट : म्हणून छतावर खर्च केलाय. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, खाली उष्णतारोधक थर. पश्चिमेची भिंत दुहेरी, मध्ये पोकळी. विटा वीज केंद्राच्या राखेच्या. आणि त्या पश्चिमेच्या भिंतीला आतून पुस्तकांची कपाटं लावायची नाहीत. जिना, स्वच्छतागृह, सामानाची खोली तिकडे. संध्याकाळी सहाला भिंत तापून लाल झाली तरी तापेल जिना. कूलर बसवला तर फक्त वरच्या अभ्यासिकेत. पुस्तकांच्या मजल्यावर नाही. तिथे पंखे.

ग्रंथपाल : पंख्यावर ये आता. पंखा कुठे आणि दिवा कुठे, दाखव.

(हा प्रश्न त्यांनी ज्या सुरात विचारला, त्यावरून मला वाटतं ते या एका प्रश्नासाठीच इतका वेळ थांबले होते.)

आर्किटेक्ट : पंखे छताला, दर दोन टेबलांमागे एक. दिवे छताला बसवलेले.

ग्रंथपाल : मग पुसून टाक आणि पुन्हा काढ. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर गेला की टेबलावर सावली फडफडते. वाचणाऱ्याला कळत नाही काय होते ते. अर्ध्या तासात डोकं धरून उठतो आणि म्हणतो, इथे मन लागत नाही. मी आयुष्यभर पाहिलं, फडफडत्या सावलीखालची खुर्ची सगळ्यांत शेवटी भरते. दिवा पात्यांच्या खालच्या पातळीला आण, नाहीतर पंखे भिंतीवर घे.

आर्किटेक्ट : घेते. दिवे लोंबते करते, पात्यांच्या खाली.

ग्रंथपाल : दुसरं. कपाटांच्या गल्लीत दिवे आडवे टाकलेस. आपल्याकडे सगळे असेच टाकतात. खोली आधी, दिवे मग, कपाटं सगळ्यांत शेवटी. मग उजेड कपाटाच्या डोक्यावर पडतो, तिथे धूळ वाचत बसते. दिव्याची ओळ गल्लीच्या मधोमध, गल्लीच्या दिशेनेच गेली पाहिजे, म्हणजे दोन्हीकडच्या पुस्तकांच्या पाठींवर उजेड पडेल, अगदी खालच्या फळीपर्यंत. खालच्या फळीवरची पुस्तकं आपल्याकडे कुणी नेत नाही. लोकांना वाटते ती पुस्तकं भिकार असतील. भिकार नसतात, अंधारात असतात.

आर्किटेक्ट : खालची फळी जरा तिरपी ठेवली तर? पाठ वरच्या बाजूला कलेल.

ग्रंथपाल : हे चांगलं सुचलं तुला.

आर्किटेक्ट : आणि रंग? मला सगळीकडे चार हजार केल्विनचा उजेड हवाय. ना पिवळट, ना निळसर. आपल्याकडे जिथे जावं तिथे साडेसहा हजारचा पांढराफटक. सगळे चेहरे आजारी दिसतात.

ग्रंथपाल : अभ्यासिकेतली पोरं तोच मागतील. त्यांना वाटते पांढऱ्या उजेडात झोप येत नाही.

आर्किटेक्ट : त्यांच्या मजल्यावर थोडा पांढरा देऊ. पण चकाकणारे गाइड असतात त्यांचे, गुळगुळीत कागदाचे. समोरच्या बाजूने दिवा आला की पानावर ट्यूबच दिसते, अक्षर दिसत नाही. उजेड बाजूने आला पाहिजे, आणि दिव्याला दुधी झाकण हवं.

ग्रंथपाल : आणि कंत्राटदार स्वस्तातली पट्टी आणून लावेल त्याचं काय?

आर्किटेक्ट : मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा थरथरतोय. डोळ्यांना जाणवत नाही, डोक्याला जाणवतं. असे दिवे परत पाठवायचे, बिल थांबवायचं.

ग्रंथपाल : बिल थांबवण्याचा अधिकार आर्किटेक्टला असतो की नगरसेवकाला, ते तू मला सांगू नको. बरं, मधल्या दालनात हे काय काढलंस? दोन मजली उंची?

आर्किटेक्ट : दालन मोकळं वाटावं म्हणून. वरून लांब तारांवर मोठे दिवे सोडले आहेत. आत पाऊल टाकताच माणसाला वाटलं पाहिजे की आपण कुठेतरी आलो.

ग्रंथपाल : दिवा गेला तर चढणार कोण?

आर्किटेक्ट : शिडी...

ग्रंथपाल : शिपाई एक, तोही अर्ध्या पगाराचा. अठरा फुटांची शिडी मागवायला दोन सभा घ्याव्या लागतील. पहिला दिवा गेला की उरलेल्यांवर भागवतील. तिसरा गेला की म्हणतील, तसंही दिवसा उजेड असतोच. माझं ऐक, घरातल्या स्टुलावर चढून जो दिवा बदलता येत नाही, तो वाचनालयात लावूच नये.

आर्किटेक्ट : काका, सगळंच स्टुलाच्या मापाचं केलं तर मुलांना वर बघायला काय उरेल? शहरातल्या प्रत्येक मॉलला उंच छत चालतं, बँकेला चालतं. वाचनालय तेवढं ठेंगणं.

ग्रंथपाल : छत उंच ठेव. दिवे खाली आण.

तोडगा साधा आहे आणि दोघांनाही तो पुरता आवडलेला नाही. पण यामागचा खरा विषय पैशांचा आहे, त्यावर जरा थांबायला हवं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यांची अनुदानं आली, खेडोपाडी हजारो वाचनालयं टिकली, हे मान्यच केलं पाहिजे. पण या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. केरळ आणि तामिळनाडूत मालमत्ता करासोबत तो वसूल होतो. आपल्याकडे वाचनालय अनुदानाच्या हप्त्यावर जगतं, आणि हप्ता आला की आधी पगार, मग पुस्तकं, मग वर्तमानपत्रांची उधारी. विजेचं बिल शेवटी. शहराला खेटून २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र उभं आहे आणि त्याच्या चिमण्या दिसतील अशा ठिकाणच्या वाचनालयात बिल वाढेल म्हणून अर्ध्या ट्यूब काढून ठेवतात, हे दृश्य आमच्याकडे कुणाला खटकत नाही.

खरं तर दिव्यांचं बिल फार नसतंच. वीस वॉटच्या बारा एलईडी पट्ट्या रात्री चार तास जळल्या तर खर्च होतो साधारण एक युनिट. दीड टनाचा एसी तेवढं युनिट तासाभराच्या आत संपवतो. वाचनालय महाग पडतं ते थंड करायला. उजळायला अगदी स्वस्त पडतं. भिंती आणि छत नीट बांधलं तर उरलेलं काम बारा पट्ट्या करतात.

ग्रंथपाल : एक युनिट म्हणतेस, पण गडचिरोलीतल्या भामरागडला ते एक युनिट पावसाळ्यात कुठून आणशील? पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, लाइन बंद. दिवसेंदिवस.

आर्किटेक्ट : छतावर एक किलोवॉटचं सौर पॅनल. चांगल्या उन्हाच्या दिवशी चारेक युनिट. ढग असले तरी दिव्यांपुरतं निघतं.

ग्रंथपाल : पॅनल टिकते, बॅटरी मरते. चार-पाच वर्षांत मान टाकते, आणि नव्या बॅटरीचं नाव कुठल्याच योजनेत नसते. उद्घाटनाला मंत्री येतो, बॅटरी बदलायला कोण येतो? गडचिरोली पोलिसांनी "एक गाव, एक वाचनालय" म्हणून दुर्गम गावांत वाचनालयं उभी केली, गावकऱ्यांनी श्रमदान केलं. चांगलं काम आहे, मी हात जोडतो. ज्या गावात पोलिसाला बघून पोरं पळायची, तिथे ती आता पोलिसांनी दिलेल्या पुस्तकांवर पोलीस भरतीचा अभ्यास करतात. पण मला तिथे गेल्यावर आधी बॅटरीची तारीख बघायची सवय आहे.

आर्किटेक्ट : गावात बांधायचं तर मी सिमेंटचा डबा बांधणारच नाही. बांबू वापरेन. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, आणि वाचनालयाच्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या?

ग्रंथपाल : बांबू आणि कागद एका छताखाली? चिचपल्लीच्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची एवढी मोठी बांबूची इमारत फेब्रुवारी २०२२ मध्ये आगीत गेली, ते विसरलीस?

आर्किटेक्ट : विसरले नाही. म्हणून पुस्तकांच्या खोलीच्या भिंती विटांच्याच. बांबू व्हरांड्याला, बाहेरच्या पडद्यांना, फळ्यांना. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला, नाहीतर भुंगा लागतो. आणि बांबूचा आग्रह निव्वळ शोभेसाठी नाही, काका. इथला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. या जंगलाचा कागद झाला, कागदाची पुस्तकं झाली, आणि ती पुस्तकं सगळीकडे गेली, इथे सोडून. मेंढा-लेखाला २००९ साली अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. ज्या गावाने अभ्यासगट काढून कायदा वाचला आणि आपला बांबू आपण विकला, त्या तालुक्यात वाचनालयाला बांबू लावायचा नाही तर कुठे लावायचा? शोधग्रामचा दवाखाना बघा. बंग डॉक्टरांनी आदिवासींना विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या माणसांना सोबत राहता आलं पाहिजे, असं लोक म्हणाले. म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना झाला, दंतेश्वरी देवीच्या नावाचा. माणसं आली. मी वाचनालयही तसंच करणार. घोटुलासारखं, जमिनीवर बसायचं, मधे मोकळं अंगण.

ग्रंथपाल : त्यांनी विचारलं होतं. तू कुणाला विचारलंस?

आर्किटेक्ट : ...

ग्रंथपाल : तुझ्यावर रागावत नाही, बेटा. पण शहरातून येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला माडिया पोरगा जमिनीवर बसलेला बघायला आवडतो. त्या पोराला विचार. त्याला खुर्ची पाहिजे. फिरती असली तर आणखी पाहिजे. जमिनीवर तो घरी बसतोच. वाचनालयात तो तहसीलदाराच्या खुर्चीची सवय करायला येतो. ट्यूबचा पांढरा उजेडही त्याला त्याचसाठी पाहिजे, कारण ऑफिसात तसाच असतो.

आर्किटेक्ट : आणि त्याची लहान बहीण? तिला खुर्चीवरून पाय टेकत नाहीत. तिला गोष्टीचं पुस्तक घेऊन पालथं पडून वाचायचंय. तुमच्या खुर्च्यांच्या रांगांत तिला जागा कुठे आहे? आज आपल्या प्रत्येक वाचनालयाची अभ्यासिका झालीय. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. सकाळी सातला पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, रात्री दहाला जातात, वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला हात लावत नाहीत. त्यांच्या बसण्यात गैर काहीच नाही. पण त्यांच्या शांततेसाठी लहान मुलं बाहेर, बायका बाहेर, पेपर वाचायला येणारे म्हातारेही बाहेर.

ग्रंथपाल : हे खरं आहे. मी स्वतः मुलांना गप्प करून करून घालवलं. माझ्यावर परीक्षेवाल्यांचा दाब होता.

आर्किटेक्ट : म्हणून दोन मजले. परीक्षेवाले वर, बाहेरून स्वतंत्र जिन्याने. खाली मुलं, बाया, वर्तमानपत्रं, बोलणं चालेल. सिरोंच्यात बांधलं तर तेलुगू, मुलचेऱ्यात बांग्ला, भामरागडला माडिया, मोठ्याने वाचून दाखवता आलं पाहिजे. खाली एक कोपरा जमिनीवरचा आणि बाकी खुर्च्या. हे तुम्हाला चालेल?

ग्रंथपाल : चालेल. पण अजून एक गोष्ट नकाशात नाही.

आर्किटेक्ट : कुठली?

ग्रंथपाल : रस्ता. तुझा नकाशा फाटकापाशी संपतो.

वादाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो, असं मला वाटतं. २०२२ सालच्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाने आणि लगोलग शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने माणूस मारला. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर घराबाहेर पडणं हा साधा निर्णय राहिलेला नाही. आणि वाचनालयाचा खरा वेळ तर संध्याकाळनंतरचाच. एप्रिलात माणसं मोहफुलांना जातात, मेमध्ये तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात रोवणी. शहरात मजुरी, दुकान, कॉलेज. साडेसहा-सातच्या आधी मोकळं कोण असतं?

ग्रंथपाल : आमच्याकडे मुली सहाला उठून जायच्या. पुस्तक अर्धं असलं तरी. मी म्हणायचो, अजून दोन तास उघडं आहे. त्या म्हणायच्या, सर, तुमचं दार उघडं आहे, रस्ता बंद आहे.

आर्किटेक्ट : फाटकावर मोठा फ्लडलाइट लावू.

ग्रंथपाल : तोच तर घात करते. फाटकाखाली झगझगाट, आणि चार पावलं पुढे गेलं की डोळ्यांपुढे काळोख. त्या काळोखात काय बसलं आहे, दिसत नाही. एक मोठा दिवा नको, लहान लहान पुष्कळ दे, उजेड पायाजवळ पडेल असे, वरून झाकलेले. दोन्हीकडची झुडपं कापलेली. वाचनालयापासून वस्तीतल्या पहिल्या घरापर्यंत.

आर्किटेक्ट : झाकलेले दिवे जंगलासाठीही बरे. उजेड आभाळात आणि झाडीत जात नाही.

ग्रंथपाल : आणि दाराच्या बरोबर डोक्यावर दिवा लावू नको. पहिला पाऊस पडला की त्या रात्री पंख फुटलेली वाळवी त्या दिव्यावर तुटून पडते. दार उघडलं की आत. सकाळी पायरीवर पंखांचा खच, आणि ज्यांनी पंख टाकले त्या कुठे गेल्या ते दोन वर्षांनी कळते, कपाटाची पाठ पोकळ लागते तेव्हा. दिवा दारापासून लांब, पिवळा. पिवळ्यावर किडे कमी येतात.

आर्किटेक्ट : बाहेरचे सगळे पिवळे करते. पण काका, रस्ता माझ्या हद्दीत येत नाही. तो महानगरपालिकेच्या दुसऱ्या विभागाचा, गावात ग्रामपंचायतीचा. माझं अंदाजपत्रक फाटकाच्या आतलं.

ग्रंथपाल : मग आतलं कमी कर. तुझ्या दर्शनी भिंतीवर खालून वर जाणारे बारा दिवे आहेत, ते कशासाठी?

आर्किटेक्ट : इमारत रात्री दिसावी म्हणून.

ग्रंथपाल : इमारत दिसून काय करायची? येणारी पोरगी दिसू दे.

बारा दिवे काढायला ती तयार झालेली नाही. तिचं म्हणणं असं, की ज्या शहरात रात्री फक्त बार आणि मंगल कार्यालयं उजळलेली असतात तिथे एक वाचनालयही उजळलेलं दिसावं. लहान मुलाने बापाच्या गाडीवरून जाताना ते बघावं आणि हे काय आहे म्हणून विचारावं. मला तिचं हे म्हणणं पटतं. तरीही अंदाजपत्रक एकच असेल तर मी ग्रंथपालांच्या बाजूने उभा राहीन. आधी रस्त्याचे दिवे, मग टेबलाचे, मग कपाटांच्या गल्लीतले, आणि शेवटी पैसे उरले तर भिंतीचे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागतो, कारण उद्घाटनाचा फोटो दर्शनी बाजूने काढतात. खुर्ची की जमीन, हा वाद मात्र मी सोडवू शकत नाही; तो त्या त्या गावाने सोडवावा आणि आर्किटेक्टने आधी विचारावं, एवढंच.

या दोन जिल्ह्यांत येत्या काळात वाचनालयं बांधली जातील. आमदार निधीतून, खनिज निधीतून, पोलिसांच्या पुढाकाराने, ग्रामसभांच्या तेंदू-बांबूच्या पैशातूनही. त्यांच्या नकाशांवर सही करणाऱ्यांना एकच विनंती. सही करण्याआधी एकदा रात्री आठ वाजता, शक्यतो जुलै महिन्यात, वस्तीतल्या शेवटच्या घरापासून त्या जागेपर्यंत पायी चालत जा. सोबत घरातली दहावीतली मुलगी असेल तर तिलाही न्या, आणि नकाशात काय कमी आहे ते तिला विचारा.